अडलेला दात

मराठीचा अध्यापक असल्यामुळे दातांशी माझा संबंध वर्णमालेपुरता. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण, असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो आहे. जीभ टेकायला पुढचा दातच नसला म्हणजे या वर्णांची काय दशा होते, हे मात्र मला माझ्याच घरात ऐकावे लागले.

आमच्या धाकटीचा वरचा, पुढचा उजवा दुधाचा दात पडला तेव्हा ती सात वर्षांची होती. माझ्या लहानपणी आई असा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायला लावी. उंदीरमामाने जुना न्यावा आणि नवा द्यावा, असा तो व्यवहार. नेरूळला आमच्या सिडकोच्या इमारतीत कौले कुठली आणि शेण तरी कुठले? मी तो दात खिडकीच्या छज्ज्यावर टाकला. पुढे डावा दात आला, उजवा येईना, तेव्हा "उंदराचा पत्ता चुकला असेल," असा विनोद करून मीच हसलो.

"अहो, दाखवून आणू या का?" सौभाग्यवतींनी दोनदा विचारले.

"दात म्हणजे काय लोकल आहे, वेळेवर यायला? येईल आपला!" मी म्हणालो. दीड वर्ष गेले. बाजूचा दात उगवला आणि रिकाम्या जागेकडे कलला, तरी मी स्वस्थच.

मग एके दिवशी शाळेतून बाईंची चिठ्ठी आली : मुलगी हल्ली पाठांतराला उभी राहत नाही. घरी नीट पाहिले, तर हसतानाही ती तोंडावर हात धरी. उंदराचा तो विनोद मी पाहुण्यांसमोर किती वेळा केला होता, याचा हिशेब मला त्या क्षणी लागला.

नव्या मुंबईत दंत महाविद्यालयांची वाण नाही. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, जाल तिकडे आहे. त्यांपैकी एकात मुलांच्या दातांच्या विभागात तिला नेले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून दाखवला. दात होता; पण वर हाडात अडकलेला, आणि त्याच्या वाटेत एक सुळक्यासारखा चिमुकला दात उभा.

"हा जादा दात. काही मुलांना असतो," त्या म्हणाल्या. "कधी लहानपणी पडून दुधाच्या दाताला मार बसतो, त्यानेही वरचा दात वाकडा होऊन अडतो. हे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. थोडे पुढेमागे चालते. पण एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्याचा पत्ता नाही, किंवा मधल्याच्या आधी बाजूचा उगवला, तर थांबू नये. वाटेतला अडथळा लवकर काढला आणि जागा असली, तर पुष्कळदा दात आपण होऊन उतरतो. मुळाची वाढ पुरी होत आली की त्याचा जोर ओसरतो. आधी का नाही आणलंत?"

मी छताकडे पाहिले.

प्रथम तारा बसवून जागा केली. मे महिन्याच्या सुट्टीत भूल देऊन जादा दात काढला, आणि त्याच वेळी आतल्या दाताला एक बारीक बटण चिकटवून त्याला नाजूक साखळी जोडली. ती साखळी तारेला अडकवून दात हळूहळू खाली ओढतात. घाई करून चालत नाही. दर महिन्याला आमची वारी असते.

नवरात्रात घटातले धान उगवले, त्याच आठवड्यात ती आरसा घेऊन धावत आली. "बाबा, दिसला!" तांदळाच्या कणीएवढी पांढरी कड हिरडीतून डोकावत होती.

या दिवाळीत तिला कडक चकली वर्ज्य आहे, म्हणून मीही सोडली आहे. दात येईल, असा डॉक्टरीणबाईंनी भरवसा दिला आहे. पण हसताना तोंडावर जाणारा तिचा हात अजून खाली आलेला नाही. त्याला कुठली साखळी लावावी, ते मला ठाऊक नाही. तूर्त मी तो उंदराचा विनोद बंद केला आहे.