ब्लॉक केले, तरी ई-मेल येतातच कसे?

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर सोलापूर, सातारा, सांगलीकडच्या गाड्या रोज येतात. शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षेसाठी आलेली आपल्या समाजाची कितीतरी मुले-मुली त्यांतून उतरतात. अशाच एका मुलाने मध्यंतरी आपला मोबाईल आमच्यासमोर ठेवला. नोकरीच्या जाहिराती देणाऱ्या कुठल्याशा संस्थेला त्याने एकदा आपला ई-मेल दिला होता. तेव्हापासून पत्रांचा मारा सुरू झाला. पाठवणाऱ्याला चार वेळा ब्लॉक केले, तरी पत्रे थांबली नाहीत. त्याच ढिगाऱ्यात शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी कळवणारे पत्र दबले आणि दुरुस्तीची मुदत टळली. “साहेब, ब्लॉक केल्यावर बंद व्हायला नको का?” हा त्याचा प्रश्न. प्रश्न साधा आहे, पण त्यात एका वर्षाचे शिक्षण अडकले आहे.

मुळात ‘ब्लॉक’ हा शब्दच फसवा आहे. जीमेलमध्ये ब्लॉक केल्याने पत्र परत जात नाही. ते स्पॅमच्या कप्प्यात पडते, एवढेच. शिवाय बंदी पत्त्यावर बसते, माणसावर नाही. पत्ता बदलला की तोच माणूस पुन्हा दारात उभा! ई-मेल ज्या एसएमटीपी पद्धतीने धावतो ती १९८२ सालची. पाठवणाऱ्याचे नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसा हा प्रकार. २०२४ मध्ये गुगलने जीमेलवर दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना आपली ओळख सिद्ध करणे आणि जाहिरातींच्या पत्रांत एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय देणे बंधनकारक केले. म्हणजे एका खासगी कंपनीने नियम केला. मग आपला कायदा काय करतो?

त्रासदायक ई-मेलविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ अ होते. पण त्याचा वापर झाला तो लोकांची तोंडे बंद करण्यासाठी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द केले, ते योग्यच झाले. मात्र त्यानंतर नको असलेल्या ई-मेलची जागा रिकामीच राहिली. ट्रायचे २०१८ चे नियम आणि १९०९ हा क्रमांक फोन व एसएमएससाठी आहेत, ई-मेलसाठी नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क दिला आहे. परंतु त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीविषयीच्या तरतुदींना आणखी १८ महिन्यांची मुदत मिळाली. व्यापाऱ्याला तयारीसाठी वेळ मिळतो. विद्यार्थ्याला अर्ज दुरुस्त करायला तो का मिळू नये?

कायद्याची वाट पाहत बसणे आम्हाला मान्य नाही. आजच करता येईल ते करावे. ज्या संस्थेला आपण स्वतः पत्ता दिला, तिच्या पत्रातील ‘अनसबस्क्राइब’ वापरावे आणि त्याची तारीख टिपून ठेवावी. अनोळखी पत्रात मात्र कशावरही क्लिक करू नये, ‘अनसबस्क्राइब’वरही नाही, कारण क्लिक केले की पत्ता चालू असल्याचे त्याला कळते. अशा पत्राला ‘रिपोर्ट स्पॅम’ करावे. पाठवणारा पत्त्याचा पुढचा भाग बदलत असेल, तर ‘ॲट’ चिन्हानंतरच्या नावावर फिल्टर लावावा. शिष्यवृत्ती व परीक्षांसाठी वेगळा ई-मेल ठेवावा, तो जाहिरातवाल्याला देऊ नये. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा ई-मेल तर कधीच टाकू नये. स्पॅमचा कप्पाही आठवड्यातून एकदा पाहावा, कामाचे पत्र तिथे पडलेले असू शकते.

धमकी, अश्लीलता किंवा फसवणूक असेल, तर पत्र पुसू नये. तोच पुरावा आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे. तोतयेगिरी करून फसवल्यास कलम ६६ ड लागते. पुण्याच्या ‘पूना ऑटो अन्सिलरीज’ कंपनीच्या प्रमुखाने फसव्या ई-मेलला उत्तर दिले आणि खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ साली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी या कायद्याखाली पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. उत्तर देणाऱ्याचीही जबाबदारी धरली गेली, पण बँकेचा निष्काळजीपणा सुटला नाही. दाद मागणाऱ्यालाच दाद मिळते.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले की, मसुद्याने खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, याचा त्यांना आनंद आहे. त्या व्यक्तीच्या खासगीपणाचा हक्क २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मूलभूत ठरवला. मग तिच्या ‘नको’ या शब्दाला किंमत हवी की नको? शिकलेल्या कार्यकर्त्यांनी रविवारचा एक तास काढून वस्तीतील, वसतिगृहातील मुलांना एवढे शिकवावे. पत्राच्या ढिगाऱ्यात कोणाची शिष्यवृत्ती यापुढे बुडता कामा नये.