ब्रासचा हिशेब
तलावातला गाळ हलक्या रानात पसरायचा तर तो किती लागेल, हे क्षेत्रफळाला थराच्या जाडीने गुणून काढता येते, आणि फसगत होते ती बहुधा जाडीच्या अंदाजातच. कारण एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट, आणि त्यावर तीन इंचांचा, म्हणजे पाव फुटाचा थर द्यायचा झाल्यास १०,८९० घनफूट, म्हणजेच १०० घनफुटांचा एक ब्रास या महाराष्ट्रात रूढ असलेल्या मापाने सुमारे १०९ ब्रास गाळ लागतो, तर तोच थर एका इंचाने जाड पडला की आणखी ३६ ब्रासचा भुर्दंड बसतो. खेपेवर पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याने ट्रॉली आतून टेपने मोजणे अगत्याचे आहे, कारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच हौदा काठोकाठ भरला तरी त्यात ९० घनफूटच मावतात आणि ब्रास पुरा होतो तो वर शीग लागल्यावरच. शिवाय खोदलेला गाळ मोकळा होऊन फुगतो, तर पसरल्यावर पावसाने व नांगराने पुन्हा दबतो, त्यामुळे ट्रॉलीत मोजलेले तीन इंच रानात तितकेच राहत नाहीत.