आजोबांची ठासणीची बंदूक

रानडुकरांपासून पीक राखणारी आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर पडून आहे. विकावी की ठेवावी?

आधी एक करा, चाप ओढून पाहू नका. नळीत ठासलेली जुनी दारू आजही पेट घेऊ शकते. पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

परवाना आजोबांचा होता, तो वारसाकडे आपोआप येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. नेण्याआधी ठाण्यात वर्दी द्यावी, पावती घ्यावी. जमा केल्याने हक्क बुडत नाही. मुदतीत आपल्या नावे परवाना काढता येतो किंवा परवानाधारकास विकता येते. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची सोय याच कायद्यात आहे.

किंमत हवी तर गंज घासू नका, दस्त्याला रोगण लावू नका. मूळ रूप गेले की मोल घटते. चापाजवळच्या पट्टीवर मुकुट, साल असेल तर टिपून ठेवा. शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही; 1972 चा कायदा आड येतो.

भंगारवाल्याला मात्र देऊ नका. चार पैशांसाठी कोर्टाची पायरी नको. भावांना विचारा, मगच ठरवा.