बीएस्सी म्हणजे नीटची वेटिंग रूम नाही

आमच्या कंपनीच्या बसवरचे ड्रायव्हर मामा परवा उतरताना म्हणाले, "सर, पोरीचा नीटला दुसऱ्यांदाही नंबर नाही लागला. परत लातूरला ठेवायचं तर कर्ज काढावं लागेल. नाहीतर देतो बीएस्सीला टाकून, दुसरं काय?"

"टाकून" हा शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कारण मीही असाच टाकलेला होतो. तालुक्याच्या कॉलेजातून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केली, पुढे एमएस्सी. आज औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आहे.

आधी साधा हिशोब बघा. 2024 साली 23 लाखांवर मुलांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. काही जण बीडीएस, बीएएमएसला जातात, तरी लाखो पोरं बाहेर राहणारच. तो पोरांचा नालायकपणा नाही, जागांचं गणित आहे. पण आपण घराघरांत या मुलांना नापासासारखं वागवतो, आणि मग बीएस्सीचं पहिलं वर्ष ती नीटची पुस्तकं उघडून काढतात. ना इकडचं होतं, ना तिकडचं.

या डिग्रीचं होतं काय, ते माझ्याच कामावरून सांगतो. इंजेक्शनची बॅच बाजारात जाण्याआधी तिचे नमुने निर्जंतुक आहेत का ते तपासावं लागतं. माध्यमात टाकून किमान 14 दिवस ठेवतात. जंतूंची वाढ दिसली की बॅच अडकते, चौकशी लागते. ते 14 दिवस रोज बाटल्या बघणारा माणूस डॉक्टर नसतो, बीएस्सी-एमएस्सी झालेलं पोरगं असतं. 2020 मध्ये गावोगावचे स्वॅब तपासणाऱ्या लॅबमध्येही रात्र-रात्र आरटीपीसीआर मशीनसमोर बसलेल्यांत हीच पोरं होती. जळगावकडे केळीची टिश्यू कल्चरची रोपं तयार होतात, ती वनस्पतिशास्त्राची विद्या आहे. दूध संघ, पाणी तपासणी, नाशिकच्या वायनरी, सगळीकडे सूक्ष्मजीवांची जाण असलेला माणूस लागतो.

पुढे शिकायचं तर जॅम परीक्षेतून आयआयटी मुंबईत बायोटेक्नॉलॉजीची एमएस्सी करता येते. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ मिळाली तर संशोधन करताना दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडं. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेतलेल्याला भारतीय वन सेवा आणि राज्याची वनसेवा, दोन्ही परीक्षा देता येतात. यातलं एकही नाव मला बारावीत कोणी सांगितलं नव्हतं.

आता कडू बाजू. नुसत्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार कमीच असतो. 2011 साली मला साडेसात हजार मिळाले होते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचं तर बहुतेक ठिकाणी डीएमएलटी मागतात, शाळेत शिकवायचं तर बीएड. म्हणजे तीन वर्षांत हातात नोकरी, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

आणि दोष फक्त पालकांचा नाही. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मायक्रोपिपेट हातात देऊन 100 मायक्रोलिटर पाणी घ्यायला सांगितलं. बटण पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबून पाणी ओढायचं असतं. मी थेट तळापर्यंत दाबलं, पाणी जास्त आलं. समोरच्या मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त बघितलं. नोकरी गेली. आमच्या कॉलेजात पिपेट नव्हत्या असं नाही. कपाटात होत्या, "पोरं खराब करतील" म्हणून कुलूप होतं. लॅमिनार फ्लोवरचं प्लास्टिकचं कव्हर तपासणी समिती आली की निघायचं. आम्ही सीनियरचं जर्नल उतरवून प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क घेतले. फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट होतं, हात कोरे.

आज मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो. पिपेट तीच, चूकही तीच. चौदा-पंधरा वर्षांत एवढंही बदलू नये?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आता नव्या धोरणात चौथं वर्ष आलंय, चांगली गोष्ट. पण आधी तीन वर्षांची प्रॅक्टिकल्स खरी करा. विद्यापीठांनी कॉलेज तपासताना उपकरणांची यादी मागू नये, दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही पाच मुलांना बोलावून ती उपकरणं चालवायला सांगावीत. एका दुपारीत खरं काय ते कळेल.

आणि पालकांनी ॲडमिशनला जाताना तीन प्रश्न विचारावेत. आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती होतात? एका मायक्रोस्कोपवर किती मुलं असतात? मागच्या बॅचमधली मुलं आज कुठे आहेत? आपण घर घेताना नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो. इथे तर पोरीची तीन वर्षं आहेत.

मामांना म्हटलं, कर्ज काढायच्या आधी पोरीला एकदा रविवारी घरी घेऊन या. तिला डॉक्टरच व्हायचं असेल तर तिसऱ्यांदा बसू दे, तो तिचा निर्णय. पण बीएस्सीला गेली तर टाकली म्हणून नको, निवडून जाऊ दे. मामा म्हणाले, "तिला विचारलंच नाही हो सर अजून."

तुमच्या घरात यंदा असं कोणी असेल तर आधी त्याला विचारा.