पार्ट टाइम लागला का?

द्राक्षांचे ट्रक पिंपळगावच्या रस्त्याला लागतात, त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचं नवं वर्ष सुरू होतं. माझी पुतणी यंदा मास्टर्ससाठी मेलबर्नला गेली. ती तिथे धड पोचलीही नसेल, तोच आमच्या फॅमिली ग्रुपवर प्रश्न पडला : ‘पार्ट टाइम लागला का?’

विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. व्हिसासाठी फी आणि प्रवासखर्चाखेरीज वर्षभराच्या राहण्या-जेवणाचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, आणि आपल्याकडे ते बहुधा घर तारण ठेवूनच दिसतात. हप्ता शिक्षण संपल्यावर, पण व्याज आजपासून. जीव वर-खाली होणारच.

पण कॉलेज रोडवरच्या कन्सल्टंटच्या पाट्या एक गोष्ट ठळक लिहीत नाहीत. कोर्स सुरू होण्याआधी स्टुडंट व्हिसावर तिथे एक तासही काम करता येत नाही. कोर्स चालू झाल्यावर पंधरवड्याला ४८ तास. त्यातही मेख अशी, की पंधरवडा कुठल्याही सोमवारपासून धरतात. या आठवड्यात ३० तास केले, तर मागचा आणि पुढचा, दोन्ही आठवडे १८ च्या आत हवेत. हे मी भावाला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, “ठीक आहे, पण शोधायला काय हरकत आहे?”

हरकत अशी, की पहिल्या पंधरा दिवसांत पोरीला दुसरीच कामं होती. ओळखपत्र, बँक खातं, टॅक्सचा नंबर, दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवू नये यासाठीचा ऑनलाइन धडा. मग पहिलं ट्युटोरियल. वीस-पंचवीस जण गोल बसलेले. दिलेला शोधनिबंध तिनं पेन्सिलीच्या खुणा करत दोनदा वाचला होता. शिक्षिकेनं विचारलं, “यातलं तुला काय पटलं नाही?” बारावीपर्यंत क्लास, पुढे इंजिनिअरिंग, सगळीकडे पहिल्या पाचांत असलेली आमची मुलगी गप्प. पटलं नाही तर काय करायचं, हे तिला आपण कुणी शिकवलंच नव्हतं. त्या रात्री ती मला म्हणाली, “काका, इथे पाठ असून उपयोग नाही.” आमचं जेवण नऊला, तेव्हा तिकडे अडीच वाजलेले. ती जागी होती.

विमानतळावर मात्र तिनं बाजी मारली होती. सामानात खाण्याचं काही आहे का, या रकान्यात ‘नाही’ लिही, असा सल्ला तिला इकडून मिळाला होता. असले सल्ले देणाऱ्यांना खरं तर तिकडे पाठवायला हवं! तिनं ‘हो’ लिहिलं, आजीचा गोडा मसाला आणि चिवडा काढून दाखवला, अधिकाऱ्यानं पिशव्या उलटसुलट करून परत दिल्या. लपवलं असतं तर दंड.

आता घरच्यांनी विचारायचंच असेल, तर सेन्सस डेट विचारावी. सेमिस्टर सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी येणारी ही तारीख. त्याआधी विषय सोडला तर सहसा त्याची फी लागत नाही. नंतर सोडला तर पैसे गेले. एका विषयाची फी कित्येक आठवड्यांच्या पार्ट टाइमएवढी असते. तिच्या विद्यापीठात ही तारीख ३१ मार्च. तिनं त्याआधीच एक विषय सोडून दुसरा घेतला. घरी अजून बोललेली नाही. तिला विचारूनच हे लिहितोय. भावाला आज पेपरातून कळेल.