घोकून नेटवर्क जुळत नाही
पनवेलमध्ये 2020 साली योट्टाचे भलेमोठे डेटा सेंटर सुरू झाले. अशा ठिकाणी नोकरी लागावी म्हणून सिस्कोच्या सीसीआयई या नेटवर्किंग परीक्षेची तयारी करणारे काही जण फुटलेल्या प्रश्नसंचांमागे लागतात, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. लेखी पेपर त्यावर निघेलही. प्रात्यक्षिक मात्र आठ तासांचे, तीन आराखड्याचे आणि पाच प्रत्यक्ष कामाचे. एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) जुळत नाही म्हणून ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे दोन राउटर 'एक्सस्टार्ट'वरच अडकले, तर घोकलेले उत्तर काय कामाचे? राउटर परवडत नाहीत, ही तक्रार खरीच. पण जीएनएस3 हे आभासी नेटवर्क उभारण्याचे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एफआरआर हे मोफत राउटिंग सॉफ्टवेअर चालवून ओएसपीएफ, बीजीपी या प्रोटोकॉलचा सराव करता येतो. वेळच नाही म्हणणाऱ्यांनी परीक्षा खुशाल पुढे ढकलावी, प्रश्नसंच विकत घेऊ नयेत.