हवेला वाट हवी

या वीकेंडला कोडबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. विषय आहे एका साध्या पाईपचा. शेवटी गाडी कोडवर घसरणारच, पण ते नंतर बघू.

आमचं घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात. गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर आहे. त्याच्या टाकीवर एक उभा पाईप असतो, वरून वाकवलेला, तोंड उघडं. हा एअर व्हेंट. आमच्या व्हेंटमधून पाणी ठिबकायचं, गच्चीवर शेवाळ धरायचं. मागे एकदा अण्णांचा फोन आला, "प्लंबर म्हणतोय, कॉक बसवू का त्याला?" मी मीटिंगमध्ये होतो. म्हणालो, "बसवा आणि बंद करून टाका." दोन मिनिटांत प्रश्न सुटला. वा!

पुढे नळ खोकायला लागला. पाणी, मग हवा, मग पुन्हा पाणी. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस वरची टाकी धुवायला अण्णांनी थंड पाण्याचा कॉक बंद केला आणि खाली आईने गरम पाण्याचा नळ सोडला. गच्चीवर 'कट्ट' असा आवाज झाला. पाणी खाली ओढलं जात होतं आणि त्याच्या जागी हवा जायला वाटच नव्हती. आतली पातळ टाकी आत ओढली गेली, जोड उसवला. ऐन डिसेंबरात गावी गेलो तर चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा उकळत्या पाण्याची बादली दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरातून न्हाणीकडे निघालेले. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग बसून वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. आधण ठेवल्यावर पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरतात ना, ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं की ती सुटते आणि सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. साध्या सोलरला पंप नसतो. 20 अंशांचं एक लिटर पाणी 998 ग्रॅम भरतं, 60 अंशांचं 983. या 15 ग्रॅमच्या फरकावर सगळं पाणी फिरतं. म्हणजे मीटरभर उंचीला जेमतेम दीड सेंटीमीटर पाण्याचा जोर! एखाद्या वळणात हवा धरली की खेळ खलास.

आणि ठिबकणं? व्हेंटचं तोंड वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली होतं, एवढंच. दोन फूट पाईप वाढवला असता तर काम झालं असतं.

अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, नदीवरून शेतात लाईन आणतो तिला चढावर एअर व्हॉल्व्ह लावतोच की आपण. भरताना हवा सोडतो, मोटर बंद झाली की आत घेतो. नाहीतर पाईप चपटा होतो. मला वाटलं होतं तसं, पण म्हटलं, तू इंजिनिअर आहेस..."

यावर काय बोलणार?

तर व्हेंट निवडताना आधी सिस्टीम बघा. साध्या सोलरला उघडा पाईपच हवा. टाकीच्या माथ्यावर, वरच्या टाकीच्या पातळीहून उंच, आणि त्यावर कॉक कधीच नाही. साधा पीव्हीसी नको, वाफेने मऊ पडून वाकतो. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा क्षार साठलाय का ते बघा. शिरूरला मामांकडे मात्र प्रेशर पंप आहे आणि टाकीही प्रेशरची. तिथे उघडा पाईप ठेवला तर कारंजं होईल. तिथे हवा सोडणारा, हवा आत घेणारा आणि जादा दाब सोडणारा असे व्हॉल्व्ह लागतात. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत घरं वाफेवर गरम करतात, तिथेही हाच प्रकार. रेडिएटरचा व्हेंट हवा सोडतो आणि वाफ पोचली की मिटतो. हवा निघाली नाही तर रेडिएटर गारच. आणि आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबाचं झाकण? ते नुसतं ठेवलेलं असायचं, घट्ट बसवलेलं नसायचं.

माझं मत विचाराल तर आपण पॅनेल किती लिटरचा, वॉरंटी किती वर्षांची यावर महिनाभर चर्चा करतो आणि व्हेंटचं प्लंबरवर सोडतो. प्लंबरला तरी काय दोष द्यायचा? त्याने विचारलं होतं. ठिबकणारं पाणी ही तक्रार नव्हती, निरोप होता. मी निरोपाचंच तोंड बंद केलं. एरर दिसू नये म्हणून रिकामा कॅच ब्लॉक लिहिणाऱ्या ज्युनिअरला मी किती झापलंय, ते आठवलं.

नवी टाकी बसली. व्हेंट या वेळी मी स्वतः उभं राहून लावून घेतला. उंची अण्णांनी ठरवली.